झाडं बंद, सावल्या बंद

हवेत फवारणीचा वास आला की आमच्या घरात करमणूक सुरू होते. करमणूक म्हणजे मी.

आम्ही आता बुलढाण्याच्या कडेला राहतो. घराच्या पुढे रस्ता, मागे दुसऱ्याचं शेत. भादव्यात पावसाने दोन दिवस उघडीप दिली की एखाद्या सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो वास आत येतो. थोडा लसणासारखा, थोडा घासलेटासारखा, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी काहीतरी गोडसर ठेवून जाणारा. मग मी घरात जो सापडेल त्याला दंडाला धरून उजेडात उभं करतो आणि म्हणतो, "डोळे दाखव." बायको पोळी लाटता लाटता डोळे दाखवते, तिला सवय झाली आहे. मागच्या वर्षी मी गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही अंगणात उन्हाकडे तोंड करून उभं केलं होतं. त्याला वाटलं, मी ज्योतिष पाहतो. त्याने आपणहून तळहातही पुढे केला. मी त्याला परदेशगमन सांगून टाकलं. बिचारा खूश होऊन गेला, आणि त्याच्या बुबुळातला काळा ठिपका चांगला मसुराएवढा आहे हे पाहून मीही खूश झालो.

परवा मुलीने हाक मारली. ती इंजिनिअरिंगला आहे, सुटीत घरी आली आहे. "बाबा, गेम अडकतोय. लॅपटॉप जुना झाला. तुम्हाला काही करता येतं का बघा ना." आहाहा! वीस वर्षांनी कुणीतरी योग्य माणसाला योग्य काम सांगितलं होतं. मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या, चष्मा पुसला, तिच्या शेजारी खुर्ची ओढली. आणि नेमका त्याच क्षणी मागच्या शेतात पंप सुरू झाला. वास आला. मी स्क्रीन सोडून तिच्या डोळ्यांत पाहायला लागलो.

"बाबा," ती म्हणाली, "लॅपटॉप अडकतोय. मी नाही."

ती हसली. मी तिथून उठलो आणि खिडक्या लावून घेतल्या.

धामणगाव बढ्याला माझं दुकान होतं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला वाटायचं, जगात दुरुस्त न होणारी गोष्ट एकच, ती म्हणजे लोडशेडिंग. दहा बाय बाराची खोली. मधे प्लायवूडचा पडदा. पडद्याच्या अलीकडे माझे चार कॉम्प्युटर, पलीकडे सलीमभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं टेबल. सलीमभाई पन्नाशीचे, कानामागे कायम स्क्रू ड्रायव्हर, माझ्या प्रत्येक वाक्याला पडद्याआडून शेरा. वीज तीनला यायची आणि सहाला जायची. त्या तीन तासांत मी आधी कॉलेजच्या मुलींना टायपिंग शिकवायचो आणि चार वाजले की गेम लावायचो. माझे कॉम्प्युटर जळगावहून कुठल्या तरी ऑफिसातून निवृत्त होऊन आलेले. त्यांनी आयुष्यभर पगारपत्रकं केली होती; उतारवयात मी त्यांना मोटारींच्या शर्यतीत पळवत होतो. मेमरी इतकी थोडी की एक खिडकी उघडली की दुसरीला दम लागायचा. चित्र काढायला वेगळं कार्ड नाही. जी काय मेमरी होती तिच्यातूनच चित्रासाठी उसनवारी. उन्हाळ्यात मी त्यांच्या डब्यांची एक बाजू उघडून टेबलफॅन आत रोखून ठेवायचो. सलीमभाई म्हणायचे, "गजू, मरीजों को हवा लग रही क्या?"

पण त्या मरीजांवर मी जे करून दाखवायचो त्याला तालुक्यात तोड नव्हती. हे मी सांगतो म्हणून नव्हे; मोताळ्याहून लोक पाहायला यायचे.

गेम म्हणजे लग्न समजा. कॉम्प्युटर म्हणजे एकटा आचारी. गेम बनवणाऱ्याने हजार माणसांना आवतण दिलेलं असतं: झाडं, झाडांच्या सावल्या, गाडीच्या काचेत दिसणारं आभाळ, रस्त्याकडेला ओरडणारी माणसं, चाकामागचा धुराळा. प्रत्येकाला दर सेकंदाला तीस वेळा गरम वाढायचं. आचारी एकटा. तो घामाघूम होतो, वाढता वाढता थांबतो, पंगत अडकते. माझं काम काय? नवरदेवाच्या मामाला कळू न देता वऱ्हाड कमी करायचं. आधी सावल्या काढायच्या. सावली गेलेली कुणाला कळत नाही. तुम्ही स्वतःची सावली शेवटची कधी पाहिली, आठवा. मग काचेतलं आभाळ. मग ओरडणारी माणसं. आवाज राहू द्यायचा, माणसं काढायची. मग चित्र जरा जाडं करायचं, कडा जरा खडबडीत. आणि सगळ्यात नामी युक्ती धुक्याची. लांबचे डोंगर काढायला आचाऱ्याचा फार वेळ जातो, म्हणून रस्त्याच्या टोकाला धुकं सोडून द्यायचं. खेळणाऱ्याला वाटतं, काय सुंदर सकाळ आहे. मागे डोंगरच नसतो.

स्क्रीनच्या कोपऱ्यात मी एक पिवळा आकडा लावून ठेवला होता. सेकंदाला किती चित्रं पळतात ते तो सांगायचा. बारा असले की गाडी उचक्या देते. पंचवीसला बरी चालते. तिसाला मी चहा मागवायचो.

देवीदासभाऊ रोज चारला यायचा. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, उंच, खांदे असे की पाठीवर भरलेला पंप चढवला तरी एसटीच्या टपावर कुणी दप्तर ठेवावं तसा दिसायचा. फवारणी हेच त्याचं काम. स्वतःचं शेत नव्हतं, पण पंचक्रोशीतल्या शेतांत त्याच्याइतका एकसारखा फवारा कुणी मारत नाही अशी ख्याती होती, आणि ती ख्याती तो मिशीसारखी सांभाळायचा. बीटीचं बियाणं येऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. ते आलं तेव्हा सगळे त्याला म्हणाले होते, देवीदास, आता तुझा पंप टांग खुंटीला. या कपाशीला अळी लागतच नाही. पहिल्या साली त्याने खरंच पंप टांगला. पुढे बोंडअळी नाही तर मावा आला, तुडतुडे आले, पांढऱ्या पिठासारखं काहीतरी चिकटायला लागलं. झाडं मात्र माणसाच्या डोक्यावर गेली. पूर्वी तो कमरेएवढ्या कपाशीतून खाली फवारत जायचा. आता हात वर करून फवारायचा, आणि वर गेलेलं सगळं पुन्हा त्याच्याच तोंडावर उतरायचं.

आम्ही त्याला औषध म्हणतो. अजूनही म्हणतो.

ते दिवस भीतीचे होते, पण कुणी भ्यालेलं दिसत नव्हतं. माणसं पान उलटून पाहायची आणि पुन्हा सरळ करून ठेवायची, जणू पाहिलंच नाही. पारावर बोलणं सुरू व्हायचं ते आभाळावरून आणि थांबायचं ते बोंडावर. फवारणीच्या दिवशी शेताकडून पाखरांचा आवाज यायचा नाही. ते शांतपण दुपारपर्यंत गावात येऊन बसायचं. शेजारच्या गावात एकजण पंप पाठीवर असतानाच पडला अशी बातमी आली. "उन्हानं पडला," लोक म्हणाले. आभाळ तर आठवडाभर झाकोळलेलं होतं. तरी सगळ्यांनी मान डोलावली, मीही डोलावली. उन्हाचं एक बरं असतं, ते उद्याही पडणार म्हणून त्याला कुणी घाबरत नाही.

देवीदासभाऊ हापशावर साबणाने हात-तोंड खसखसून धुवायचा, गुळाचा खडा तोंडात टाकायचा (फवारणीवर गूळ खाल्ला की काही होत नाही, हे आमच्याकडचं वैद्यकशास्त्र) आणि तोच शर्ट अंगात ठेवून माझ्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर येऊन बसायचा. लाल गाडी घ्यायचा. त्याने आयुष्यात खरी गाडी चालवली नव्हती, पण तिथे बसला की सगळ्या शर्यतीला रस्त्यावरून हाकलायचा.

"सरक बे, ओ टेम्पोवाल्या! बापाचा रस्ता हाये काय तुह्या?"

"भाऊ, ती शर्यतीची गाडी आहे, टेम्पो नाही."

"टेम्पोसारखी चालवते तं टेम्पोच म्हनीन न!"

त्याचं हसणं ऐकायला बाहेरची माणसं दारात थांबायची. टायपिंगच्या मुली जाताना मुद्दाम हळू चपला घालायच्या.

मग त्या भादव्यात एक दिवस तो म्हणाला, "गजू, तुहं मशीन अटकून राह्यलं बे."

मी कोपऱ्यात पाहिलं. पिवळा आकडा अठ्ठावीस.

"काही नाही अडकत, भाऊ. अठ्ठावीस आहे."

"तुह्या अठ्ठावीसले काय चाटू? मले गाडी दिसते तवरिक वळण निंघून जाते."

अपमान! तोही तीन मुलींसमोर. मी हसत हसत त्याला उठवलं आणि शस्त्रक्रियेला बसलो. सावल्या आधीच बंद होत्या. आभाळ बंद केलं. धुराळा बंद केला. आकडा चौतीसवर गेला. देवीदासभाऊने दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत सरळ एका झाडात घुसला.

"झाड उशिरा आलं बे," तो म्हणाला. "अचानक समोर उभं!"

हे ऐकून मी आनंदाने टाळीच वाजवली. कारण हा रोग मला माहीत होता. कमजोर मशीनवर झाडं खरंच उशिरा येतात. रस्ता मोकळा दिसतो आणि एकदम समोर बुंधा. मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी तीनला वीज आल्या आल्या गेमच्या फायली उघडल्या, नोटपॅडमध्ये दोन ओळी बदलल्या आणि झाडंच काढून टाकली. सगळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं सपाट हिरवं. कोपऱ्यात आकडा एक्केचाळीस! चाळिशी त्या मशीनने जन्मात पाहिली नव्हती. मी सलीमभाईंना ओढून आणलं.

"माशाल्ला," ते म्हणाले. "जंगल साफ कर दिया. अब रस्ता भी निकाल दे, और तेज़ चलेगा."

चारला देवीदासभाऊ बसला. दहा मिनिटांनी म्हणाला, "धुकं लय हाये."

मी धुकं काढलं. तो म्हणाला, अजून हाये. मी म्हटलं, भाऊ, नाही आता. तो म्हणाला, मले सांगतं काय, हाये. मग मी चित्र आणखी जाडं केलं, बाकीच्या गाड्या काढल्या. आता त्या जगात काळा रस्ता, हिरवी जमीन आणि एक लाल गाडी एवढंच उरलं होतं. मी दर दिवशी काहीतरी काढत होतो आणि तो दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा वाईट चालवत होता. आणि मी, काय सांगू, मी मजेत होतो! मला असं गिऱ्हाईक कधी मिळालं नव्हतं. इतक्या अवघड मशीनशी मी कधी झुंजलो नव्हतो.

त्याची बायको, वच्छलावहिनी, रोज सहाच्या सुमाराला त्याला न्यायला यायची. दारातच थांबायची. "आत या ना वहिनी," म्हटलं की म्हणायची, "नको भाऊ. माह्या अंगाले वास येते." बारीक, ठेंगणी बाई. एका हातात कायम रिकामी बादली. एकदा तो शर्यतीत गुंतलेला असताना तिने मला खुणेने बाहेर बोलावलं.

"भाऊ, एक विचारू? यानं आमच्या यायचे डोळे बिघडतात काय?"

"कशाने?"

"तुमच्या टीव्हीनं. काल ताटातली भाकर चाचपून राह्यले होते. म्या म्हटलं, मजाक करता काय. तं अंगावर खेकसले."

आता इथे मी काय करायला हवं होतं? पण मला तर उत्तर येत होतं. ज्याला उत्तर येतं तो माणूस फार धोक्याचा. मी तिला समजावून सांगितलं, अगदी हातवारे करून, की चित्र अडकलं की डोळ्यांवर ताण पडतो, आणि मी ते चित्र दिवसेंदिवस हलकं करत आणलं आहे, आणखी दोन दिवसांत असं पाण्यासारखं चालेल की यांचे डोळे एकदम ताजे होतील. तिने सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही शिकेल मानसं," ती म्हणाली, आणि बादली या हातातून त्या हातात घेतली.

ते दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी तो चारच्या आधीच आला. सकाळपासून अठरा पंप मारले म्हणाला. आभाळ त्या दिवशी स्वच्छ होतं. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडत होतं, इतकं की मला स्क्रीनवर पुठ्ठ्याची झडप लावावी लागली. त्याने लाल गाडी घेतली. सरळ रस्ता. झाड नाही, गाडी नाही, वळण अजून लांब. गाडी हळूहळू डावीकडे सरकत गेली, रस्ता सोडून हिरव्यावर गेली आणि चालतच राहिली.

"भाऊ, रस्ता!"

"कुठी हाये रस्ता? अंधार काऊन केला बे?"

मी स्क्रीनच्या खालचं बटन दाबून उजेड वाढवला. पूर्ण वाढवला. रस्ता राखेच्या रंगाचा झाला, गाडी गुलाबी झाली.

"कर न बे उजेड!"

"केला भाऊ."

"मजाक नको करू, गजू."

पडद्याआडून सलीमभाई आले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "देवीदास, ज़रा उठ. मैं देखता." ते बसले. बोटांनी आयुष्यभर बारीक तारा जोडलेला माणूस, गेम कधी खेळला नव्हता; तरी अर्धी फेरी गाडी सरळ नेली. त्यांनी कीबोर्डवरून हात उचलले आणि मला म्हणाले, फार हळू आवाजात, "मशीन तो मक्खन चल रही, बेटा."

आणि मग ते आपली बोटं पाहायला लागले. ओली झाली होती. कीबोर्ड ओला होता. मी देवीदासभाऊकडे वळलो. ऊन त्याच्या तोंडावर होतं. कपाळावरून पाणी चाललं होतं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार हनुवटीवर लोंबत होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. डाव्या डोळ्याची पापणी आतून कुणीतरी टिचक्या मारावी तशी उडत होती. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्या मोठ्या तपकिरी डोळ्यांच्या मधोमध जो काळा ठिपका असतो तो नव्हता. होता, खसखशीच्या दाण्याएवढा. सुईने टोचून ठेवल्यासारखा.

सारा उजेड बाहेर होता, आणि आत जायला दार नव्हतं.

पिवळा आकडा एकोणपन्नास दाखवत होता.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. तो उभा राहायला गेला आणि गुडघे दुमडून माझ्या अंगावर आला. सलीमभाई रस्त्यावर धावले आणि एका काळीपिवळीसमोर हात पसरून उभे राहिले. त्यांनी आतल्या सगळ्या प्रवाशांना उतरवलं. वच्छलावहिनी कुठूनशी आली. ती रडली नाही. पळत घरी गेली, परत आली, पदरात काहीतरी बांधलेलं. मोताळा गेलं. घाट लागला. घाटात प्रत्येक वळणावर त्याचं डोकं माझ्या मांडीवर या बाजूचं त्या बाजूला व्हायचं आणि छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज यायचा. मी त्याच्याशी बोलत होतो. काय बोलत होतो? मी त्याला सांगत होतो की झाडं परत लावतो, सावल्या परत लावतो, सगळं लावतो, तू फक्त डोळे उघडे ठेव. पुढच्या सीटवर सलीमभाई काहीतरी पुटपुटत होते. ड्रायव्हरने एकदा आरशात पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं औषध?" आम्ही दोघे शहाणे एकमेकांकडे पाहत राहिलो. वहिनीने पदराची गाठ सोडली आणि रिकामी बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती हातमोजा घालून उचलली. मग त्यांनी नर्सला सांगितलं, शर्ट कापा आणि बाहेर टाका, आणि अंग साबणाने धुवा, केसांसकट. तो शर्ट! रोज चार ते सहा माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीत, खिडक्या लावून बसलेला तो शर्ट. सकाळी आठपासून पाठीवर गळणाऱ्या पंपाचं सगळं पाणी त्यात मुरलेलं होतं. हात-तोंड तो घासून धुवायचा, आणि औषध पाठीतून आत जात होतं.

त्याला इंजेक्शन देत होते. थोड्या वेळाने पुन्हा. दर वेळी डॉक्टर बॅटरी घेऊन त्याच्या डोळ्यात पाहायचे, आणि मी त्यांच्या खांद्यामागून. या औषधाने बुबुळातला ठिपका आकसतो, ते म्हणाले; तो पुन्हा मोठा व्हायला लागला की समजायचं, विष उतरतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ठिपका मोहरीएवढा झाला. मी वॉर्डात तिथल्या तिथे सलीमभाईंना मिठी मारली. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीत आला. खोल आवाजात म्हणाला, "गजू, कोन जिंकलं बे?"

दुकान मी आठ-दहा दिवस उघडलंच नाही. उघडलं तेव्हा तीन नंबरवर कुणाला बसू दिलं नाही. टायपिंगच्या एका मुलीने जांभई दिली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या, तर मी तिला दंडाला धरून उजेडात उभं केलं. तेव्हापासून ही सवय लागली.

आणि मग एका दुपारी, साडेतीनलाच, तो आला. हडकला होता. धुतलेला शर्ट, इस्त्री केलेला. काठीबिठी काही नाही. मागे दारात वहिनी, नेहमीसारखी बाहेरच. तो तीन नंबरच्या खुर्चीवर बसला आणि मांड्यांवर हात आपटले.

"लाव."

"भाऊ, आराम करा अजून."

"आराम झाला. डाक्टर म्हनते दोन महिने पंपाले हात लावू नको, अन् डोळे साफ झाल्याबिगर तं लावूच नको. म्हटलं, डोळे साफच हायेत. तं म्हनते, पाहू. अरे, पाहू काय पाहू? उद्या पाटलाच्या शेतात जाचं हाये. शब्द देल्ला म्या. मावा काय दोन महिने थांबते? तू लाव. तुह्या मशीनवर पाहू कोन खरं बोलते. सारं चालू कर, काई काढू नको."

पडद्याआडून खुडबुड थांबली. सलीमभाई ऐकत होते.

मी सगळं चालू केलं. सावल्या. काचेतलं आभाळ. रस्त्याकडेची माणसं, धुराळा, लांबचे डोंगर. झाडं, आणि झाडांची पानं, जी त्या गेममध्ये वेगळी मोजली जातात. सगळ्यात महाग वऱ्हाड तेच. म्हाताऱ्या मशीनचा पंखा गिरणीसारखा ओरडायला लागला. आकडा सहावर आला. कधी पाच. त्याची गाडी एका चित्रातून दुसऱ्या चित्रात पाय ओढत जात होती, पण तो चालवत होता, आणि रस्त्यावरून चालवत होता.

"पाह्य," तो म्हणाला. "रस्ता दिसते. गाडी लाल हाये. ते मानसं दिसतात. तो डोंगर. काय राह्यलं?"

मग त्याने गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला, झाडांच्या रांगेपाशी. मान पुढे नेली, मागे घेतली.

"गजू, हे झाडं हिरव्या टोपल्यांवानी काऊन दिसतात बे? पानं काढून टाकली न तू?"

आता पाहा. माणसाला काय दिसणार नाही ते ठरवणं हाच माझा धंदा होता. हो म्हणायला काय लागत होतं? एक मान हलवली असती तर तो मांडीवर थाप मारून उठला असता, हसला असता, मला शिवी दिली असती, आणि ते हसणं मला पुन्हा ऐकायचं होतं, फार ऐकायचं होतं. माझी मान हलायलाही लागली होती.

"नाही भाऊ," मी म्हटलं. "पानं आहेत. एकूण एक चालू ठेवली आहेत मी."

"हरेक झाडाले?"

"हरेक झाडाले."

पंखा ओरडत होता. त्याने डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. मग हात मांडीवर ठेवले, आणि पहिल्यांदाच ते हात कुणातरी म्हाताऱ्याचे वाटले.

"मंग पाटलाले काय सांगू?" त्याने कुणालाच न विचारल्यासारखं विचारलं.

"मी जातो न," दारातून वहिनी म्हणाली. आमच्याकडे बायाही 'जातो'च म्हणतात. "मारतो मी पंप. तुम्ही काऊन घोर लावता? बारा वर्सांपासून औषध मीच कालवून देऊन राह्यली तुम्हाले. हातानंच कालवतो. मले काई झालं काय?"

प्लायवूडच्या पडद्याच्या कडेला सलीमभाईंचं तोंड दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बारा वर्षं. बादलीत. हाताने. आणि मी दवाखान्यात तीन दिवस एकाच माणसाचे डोळे पाहत बसलो होतो.

"वहिनी," मी म्हटलं, "जरा आत या."

"नको भाऊ, वास..."

"या. दोन मिनिटं."

तिने चपला बाहेर काढल्या, बादली उंबऱ्याशी ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दुकानात आली. देवीदासभाऊने तिला बसायला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली, पदर खांद्यावर ओढून. मी स्क्रीन तिच्याकडे फिरवला.

"वहिनी, ते समोरचं झाड आहे ना, त्याला पानं दिसतात का तुम्हाला?"

ती वाकली. आणखी वाकली. तिचं नाक काचेला टेकायला आलं. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं, जरा हसून, जरा ओशाळून.

"कुठी हाये झाड, भाऊ?"

स्क्रीनभर झाडंच होती.